छप्पन हर्ट्झचा घुमारा

जळगाव, भुसावळ, धुळे, कुठल्याही कॉलनीत जा, गाणं ऐकायची खोली बहुधा एकाच साच्यातली असते. दहा बाय बाराची, दहा फूट उंच, वर आरसीसी स्लॅब, खाली टाइल्स, चारही बाजूंना प्लास्टर केलेल्या विटांच्या भिंती. त्यात चांगले स्पीकर आणून ठेवले की पहिल्याच आठवड्यात तक्रार सुरू होते. डग्ग्याचे ठोके एकमेकांत मिसळतात. बेस गिटारचा एखादाच सूर फुगून खोलीभर बसतो आणि शेजारचा सूर कुठे हरवतो कळत नाही. मग अ‍ॅम्प्लिफायर बदलला जातो, वायर बदलली जाते, शेवटी स्पीकर विकायला निघतात. घुमारा जागचा हलत नाही, कारण तो खोलीचा असतो.

डीएसपी (डिजिटल सिग्नल प्रोसेसिंग), म्हणजे इथे एकेका पट्ट्याची पातळी वेगळी कमीजास्त करणारा डिजिटल इक्वलायझर, याच घुमाऱ्यावरचं औषध आहे. मात्र फक्त याच्यावरचं. आवाजाच्या आलेखात २५० हर्ट्झच्या खाली जे उंचवटे आहेत ते कापायचे आणि हात काढून घ्यायचा. त्यापुढे गादी, पडदा, पुस्तकांचं कपाट आणि स्पीकरची जागा यांचं राज्य. ही हद्द ज्याला कळली त्याचं काम दोन संध्याकाळींत होतं, नाहीतर वर्षभर आलेख काढत बसावं लागतं.

आधी खोलीचं गणित. समोरासमोरच्या दोन भिंतींमध्ये आवाज अडकतो तेव्हा ज्या लहरीची अर्धी लांबी त्या अंतराइतकी असते ती उभी राहते. सूत्र सोपं आहे: आवाजाचा वेग भागिले अंतराची दुप्पट. वेग २० अंश सेल्सिअसला सेकंदाला ३४३ मीटर. बारा फूट म्हणजे ३.६६ मीटर, तिथे येतात ४७ हर्ट्झ. दहा फूट म्हणजे ३.०५ मीटर, तिथे ५६. आता गोची बघा, आपल्या खोलीची रुंदीही दहा आणि उंचीही दहा. म्हणजे ५६ वर एक नाही, दोन लहरी एकावर एक बसतात. तिरक्या वाटेच्या आणि दुप्पट वारंवारतेच्या लहरींचं गणित केलं तर ७३ वरही दोन, ९२ ते ९४ च्या आसपास दोन, आणि १०९ ते ११२ मध्ये तर चार जणांची गर्दी. बेस गिटारची उघडी ‘ए’ तार ५५ हर्ट्झला वाजते, म्हणजे नेमकी पहिल्या जोडीच्या अंगावर. तेवढाच सूर का फुगतो याचं उत्तर वाद्यात शोधायचं नाही, टेपने भिंती मोजायच्या.

हा फुगवटा नुसता मोठा नसतो, तो रेंगाळतो. उंचवटा ३ डेसिबल खाली जिथे येतो तिथली त्याची रुंदी हर्ट्झमध्ये मोजा आणि २.२ ला तिने भागा. तो सूर ६० डेसिबल विरायला लागणारे सेकंद मिळतात. ५६ चा उंचवटा ६ हर्ट्झ रुंद असेल तर ०.३७ सेकंद. मिनिटाला १६० ठोक्यांच्या लयीत दोन ठोक्यांमधलं अंतरही तेवढंच आहे. पहिला ठोका पुरता विरायच्या आत दुसरा येऊन त्याच्यावर बसतो. ‘बेस घट्ट नाही’ म्हणतात ते हेच.

आणि इथेच डीएसपी कामी येतो. खोलीचा असा एकेकटा उंचवटा आणि त्याचं रेंगाळणं ही एकाच गोष्टीची दोन रूपं आहेत. त्याच्या नेमक्या मध्यावर, तेवढ्याच रुंदीचा उलटा फिल्टर, म्हणजे तेवढाच पट्टा दाबणारी सेटिंग, लावला तर उंची उतरते आणि शेपटीही आखूड होते. रुंदी चुकली तर उंची उतरल्यासारखी दिसते, शेपूट तशीच राहते. म्हणून क्यू हा आकडा अंदाजाने टाकायचा नसतो. मध्याची वारंवारता भागिले रुंदी, तो क्यू. ५६ भागिले ६, म्हणजे साधारण ९.

खड्ड्याचं मात्र तसं नाही. स्पीकर मागच्या भिंतीपासून ८५ सेंटीमीटरवर ठेवला की भिंतीवर आपटून परत आलेली लहर बरोबर १०० हर्ट्झच्या आसपास थेट येणाऱ्या लहरीला खाऊन टाकते. अंतराच्या चौपटीने वेगाला भागलं की तो आकडा मिळतो. आलेखात तिथे दहा-पंधरा डेसिबलची विहीर दिसते आणि नवशिक्याचा हात लगेच बूस्टकडे, म्हणजे पातळी वाढवण्याकडे, जातो. भरून काय होतं? थेट लहर वाढते, तिच्याबरोबर परतणारीही तेवढीच वाढते, दोघी एकमेकींना पूर्वीसारख्याच खातात. तुमच्या पदरात काहीच नाही, आणि अ‍ॅम्प्लिफायरकडे १० डेसिबलसाठी दहापट पॉवरची मागणी. ५० वॉटचा अ‍ॅम्प ५०० वॉट कुठून आणणार? तो क्लिप होतो, म्हणजे लहरीचे शेंडे छाटले जातात, आणि ट्वीटर, म्हणजे वरच्या सुरांचा छोटा स्पीकर, जळतो. पोर्टवाल्या, म्हणजे डब्याला हवेचं भोक असलेल्या, छोट्या स्पीकरला पोर्टच्या ट्यूनिंगखाली, म्हणजे बहुधा ४५-५० हर्ट्झच्या खाली, बूस्ट दिला तर वूफरचा कोन लगाम सुटल्यासारखा हलतो आणि व्हॉइस कॉइल मागे आपटल्याची टकटक ऐकू येते. ती ऐकल्याबरोबर व्हॉल्यूम खाली.

विहिरीवर उपाय जागेचा. स्पीकर भिंतीच्या अगदी जवळ, मागे २० सेंटीमीटरच ठेवला तर तीच विहीर ४०० हर्ट्झच्या वर सरकते. तिथे स्पीकर आवाज बऱ्यापैकी पुढे फेकत असतो, त्यामुळे ती उथळ पडते. भिंतीजवळ गेल्याने बेस वाढेल, वाढू द्या. वाढलेला कापता येतो, नसलेला आणता येत नाही. ऐकायची जागाही खोलीच्या बरोबर मध्यावर नको, तिथे ४७ हर्ट्झ जवळजवळ गायब असतो. मागच्या भिंतीला डोकं टेकूनही नको. बारा फुटांच्या खोलीत समोरच्या भिंतीपासून साडेसात फुटांवर कान आले तर बरं.

मोजायला बसण्याआधी आणखी दोन गोष्टी. एका स्पीकरच्या वायरची लाल-काळी उलटी लागली असेल तर दोन्ही मिळून बेस पळतो आणि कितीही फिल्टर लावले तरी तो परतत नाही. मोनो गाणं लावून दोन्ही स्पीकर शेजारी-शेजारी धरा, आवाज पातळ झाला तर एकाची वायर उलटवा. दुसरं म्हणजे खडखड. फोनवरून किंवा लॅपटॉपवरून २० ते २०० हर्ट्झचा संथ स्वीप, म्हणजे खालून वर सरकत जाणारा सूर, वाजवत खोलीत फिरा. लोखंडी कपाटाचं दार, मांडणीतली स्टीलची ताटं, खिडकीची काच, मीटरच्या पेटीचं झाकण, कोण कुठल्या सुराला झणझणतं ते कागदावर टिपा. ताटांमध्ये जाड कापड घाला, दाराला रबराची पट्टी चिकटवा. फिल्टरने हे जात नाही. आणि खडखड राहिली तर ती मोजमापात डिस्टॉर्शन म्हणून दिसून नाहक दिशाभूल करते.

सामान फार लागत नाही. माइक हवा मोजमापाचा, कॅलिब्रेशन फाइल मिळणारा. मिनीडीएसपीचा यूमिक-१ हा यूएसबीवर चालतो आणि त्याच्या अनुक्रमांकावरून त्याची स्वतःची फाइल कंपनीच्या साइटवर मिळते. मोबाइलचा माइक नको. तो बोलण्यासाठी असतो, खालचा बेस त्याला नीट ऐकू येत नाही आणि आवाज आपोआप कमीजास्त करायची खोड असते ती वेगळी. सॉफ्टवेअर आरईडब्ल्यू, पूर्ण नाव रूम ईक्यू विझार्ड, ते फुकट आहे. फिल्टर चालवायला तीन वाटा. विंडोजच्या पीसीवरून ऐकत असाल तर इक्वलायझर एपीओ, तेही फुकट. रास्पबेरी पाय या छोट्या संगणकावर ऐकत असाल तर कॅमिलाडीएसपी. आणि सीडी प्लेयर, टीव्ही, स्ट्रीमर सगळ्यांना एकच उपचार हवा असेल तर मिनीडीएसपी २x४ एचडीसारखा वेगळा डबा, जो डॅक (डिजिटल आवाज विजेच्या लहरीत बदलणारं यंत्र) किंवा प्लेयर आणि अ‍ॅम्प्लिफायर यांच्या मध्ये बसतो. टर्नटेबलवाले इथे नाक मुरडतात, रेकॉर्ड डिजिटल करायची म्हणजे धर्म बुडाला. ५६ हर्ट्झला रेकॉर्ड आणि सीडी यांतला फरक कळत नाही, तो दोघांनाही सारखाच फुगवतो.

आता मोजणी. वेळ रात्रीची, दहानंतरची. उन्हाळ्यात डेझर्ट कुलर बंद, पंखा बंद, फ्रिज शेजारच्याच खोलीत असेल तर पंधरा मिनिटं तोही बंद. कुलरचा आवाज आपल्याला सवयीने ऐकू येईनासा होतो, माइकला येतो. त्याच्या पंख्याची घरघर नेमकी खालच्या पट्ट्यात असते. रेल्वेलाइनच्या कडेला राहणाऱ्या भुसावळकरांना मालगाडी जाईपर्यंत थांबावं लागेल, तिचा घरघराट ३०-४० हर्ट्झला आलेखात डोंगर उभा करतो. घाम आला तरी चालेल, स्वीप साडेपाच सेकंदांचाच असतो.

लॅपटॉप चार्जरवरून काढून बॅटरीवर चालवा, नाहीतर ५०, १००, १५० हर्ट्झला उभ्या रेघा येतील. त्या खोलीच्या नाहीत, विजेच्या गुणगुणीच्या आहेत. लाइट गेलेली असताना चौकोनी लहरीच्या जुन्या इन्व्हर्टरवर मोजू नका, अ‍ॅम्प्लिफायरचा ट्रान्सफॉर्मरच तेव्हा गुरगुरत असतो.

माइक स्टँडवर, टोक कानाच्या उंचीवर. सोफ्यावर बसणाऱ्याचे कान जमिनीपासून साधारण मीटरभर वर असतात. गादी-लोडाच्या बैठकीवर ऐकणाऱ्यांचे मात्र पाऊण मीटरवरच, आणि तिथे स्पीकरही तेवढेच खाली आणायला हवेत, नाहीतर ट्वीटर डोक्यावरून बोलतो. माइक छताकडे रोखला तर ९० अंशांची कॅलिब्रेशन फाइल, स्पीकरकडे रोखला तर शून्य अंशाची. फाइल टाकायचीच राहिली तर बेसचं फारसं बिघडत नाही, वरच्या पट्ट्यात मात्र खोटा उतार-चढाव दिसतो.

पातळी ७५ डेसिबलच्या आसपास ठेवा. डावा स्पीकर एकटा, मग उजवा एकटा, मग दोन्ही मिळून. तिन्ही स्वीप मधल्या जागेवर झाले की डोक्याच्या आजूबाजूला ३०-४० सेंटीमीटरच्या परिघात चार ठिकाणी तेच पुन्हा, आणि सगळ्यांची सरासरी. पाचही जागी दिसणारा उंचवटा खोलीचा आहे, त्याला हात लावायचा. एकाच जागी दिसतो तो सोडून द्यायचा. खानदेशातल्या कितीतरी घरांत ऐकायची जागा म्हणजे झोपाळा असतो, आणि झोपाळा हलतो. तिथे पिंक नॉइज, म्हणजे प्रत्येक सप्तकात सारखी ताकद असलेला खळखळाट, लावून, आरईडब्ल्यूचा आरटीए, म्हणजे त्या क्षणीच्या आवाजाचा आलेख, चालू ठेवून, झोपाळा जातो त्या वाटेवर माइक हातात धरून मिनिटभर सावकाश फिरवायचा आणि सरासरी घ्यायची. झोक्याच्या दोन टोकांमध्ये ७३ हर्ट्झची पातळी बदलणारच, त्यावर कुठल्याही कंपनीचं सॉफ्टवेअर चालत नाही.

दारं-खिडक्या जशा ऐकताना असतात तशाच मोजताना ठेवा. ओट्यावरचं दार उघडं असलं की बेसचा एक हिस्सा बाहेर जातो आणि सगळा आलेख बदलतो. दार बंद ठेवून मोजायचं आणि उघडं ठेवून ऐकायचं, ही चूक फार सर्रास होते.

आलेख पाहताना २५० हर्ट्झच्या खाली स्मूदिंग, म्हणजे रेघ गुळगुळीत करण्याचं माप, १/४८ ऑक्टेव्हच (सप्तकाचा अठ्ठेचाळिसावा भाग) ठेवा. १/३ ठेवलंत तर ५६ आणि ४७ एकच टेकडी दिसतील. २५० हाच आकडा का, तर या खोलीचं आकारमान साधारण ३४ घनमीटर आहे आणि घुमण्याचा काळ अर्ध्या सेकंदाच्या आसपास धरला तर श्रोएडरच्या सूत्राने हद्द २४०-२५० ला येते. त्याच्या खाली एकेक लहर सुटी दिसते, वर त्यांची इतकी दाटी होते की डोकं चार बोटं हलवलं तरी आलेख बदलतो. आज आलेखातल्या ज्या कंगव्यासारख्या दातांना फिल्टर लावला तो आकार उद्या तिथे नसेल.

आरईडब्ल्यूच्या ईक्यू खिडकीत आधी आपलं यंत्र निवडा, मग मॅच रेंज ३० ते २५० करा, वैयक्तिक आणि एकूण दोन्ही बूस्ट शून्य करा, आणि फिल्टर शोधायला सांगा. ते दहा-बारा फिल्टर काढेल, त्यातले निम्मे एक-दीड डेसिबलचे असतात, ते खोडा. या मापाच्या खोलीत शेवटी हाती राहणारी यादी साधारण अशी असते:

४७ हर्ट्झ, उणे ४ डेसिबल, क्यू ५
५६ हर्ट्झ, उणे ८.५ डेसिबल, क्यू ९
७३ हर्ट्झ, उणे ५ डेसिबल, क्यू ६
११० हर्ट्झ, उणे ३.५ डेसिबल, क्यू ४

हे आकडे तसेच्या तसे उचलू नका, शेजारच्या घरात बेडचा बॉक्स जरी वेगळ्या कोपऱ्यात असला तरी ते बदलतात. १०० च्या खालचे फिल्टर दोन्ही स्पीकरना सारखेच द्या, तिथे कान डावं-उजवं फारसं ओळखत नाही. १५० च्या वर दोघांत फरक असेल, एकाच्या शेजारी भिंत आणि दुसऱ्याच्या शेजारी दार असं बहुतेक घरांत असतंच, तर तिथे वेगवेगळे. अगदीच बूस्ट द्यायचा असेल तर ३ डेसिबलपर्यंत, क्यू २ च्या आत, आणि तेवढाच प्रीअ‍ॅम्पमध्ये उणे करून. नाहीतर जोरात रेकॉर्ड केलेलं आजचं गाणं डिजिटल शून्याच्या, म्हणजे कमाल पातळीच्या, वर जाईल आणि करकर सुरू होईल. ती करकर स्पीकरची समजून पुन्हा दुकान गाठलं जातं.

फिल्टर लावले की पुन्हा स्वीप. हा दुसरा स्वीप बरेचजण टाळतात आणि फसतात. फसण्याची कारणं ठरलेली आहेत. पहिलं सॅम्पल रेटचं, म्हणजे सेकंदाला आवाजाचे किती नमुने घेतले जातात त्याचं. मिनीडीएसपी २x४ एचडी आतून ९६ किलोहर्ट्झवर चालतो. ४८ साठी काढलेले बायक्वाडचे (एकेका फिल्टरच्या गणिताचे) आकडे त्यात डकवले तर ५६ चा फिल्टर ११२ वर जाऊन बसतो, ५६ फुगलेला तो फुगलेलाच आणि वर ११२ ला खड्डा. आरईडब्ल्यूमध्ये यंत्राचं नाव बरोबर निवडलं की हे टळतं, काही आकड्यांची उणे-अधिक चिन्हंही त्या यंत्राला हवी तशी येतात. ४४.१ साठी काढलेली एफआयआर फाइल (हजारो आकड्यांचा एकच लांब फिल्टर) ४८ वर चालवली तर ५६ चा ६१ होतो. दुसरं कारण पीसीवाल्यांचं. प्लेयरमध्ये एक्सक्लुझिव्ह मोड किंवा एएसआयओ, म्हणजे विंडोजचा मिक्सर टाळणारी वाट, चालू असेल तर इक्वलायझर एपीओ बाजूलाच पडतो, आणि साउंडचा ड्रायव्हर अपडेट झाला की तो कधी कधी उखडून निघतो, मग त्याचा डिव्हाइस सिलेक्टर (जुन्या आवृत्त्यांत कॉन्फिग्युरेटर) पुन्हा चालवावा लागतो. तिसरं, अ‍ॅम्प्लिफायरवरचं जुनं, बेस वाढवणारं लाउडनेसचं बटण दाबलेलं राहतं. वर्षानुवर्षं दाबलेलं असतं, कुणाच्या लक्षातही नसतं.

दुसऱ्या स्वीपमध्ये नुसती रेघ पाहू नका, वॉटरफॉल, म्हणजे प्रत्येक सूर वेळेबरोबर कसा विरतो ते दाखवणारा आलेख, उघडा. ५६ ची जी लांब जीभ पुढे आलेली होती ती मागे गेली पाहिजे. उंची उतरली आणि जीभ तशीच असेल तर क्यू चुकला आहे. अर्धा-अर्धा हर्ट्झ इकडे-तिकडे सरकवून आणि क्यू एकेकाने बदलून पुन्हा मोजा.

मग येतो पहिल्या संध्याकाळचा अपेक्षाभंग. घरातले म्हणतात, बेसच गेला. गेलेला नाही, फुगवटा गेला. पण तक्रारीत तथ्यही असतं, कारण ऐकायच्या जागेवर सपाट रेघ ही कानाला कोरडी आणि बोचरी लागते. ब्रुएल अँड केअर या डेन्मार्कच्या मोजयंत्रांच्या कंपनीने १९७४ साली सुचवलेल्या वक्रापासून आजवर सगळ्यांची लक्ष्यरेघ डावीकडून उजवीकडे उतरतीच आहे. १०० हर्ट्झच्या खाली ३ ते ५ डेसिबलचा मऊ चढ द्या, तिथून वर हळूहळू उतार. लग्नाच्या डीजेवर कान तयार झालेल्या तरुण मंडळींना ७ लागतील, भजन-शास्त्रीयवाल्यांना ३ पुरतात. हा चढ म्हणजे बूस्ट नव्हे, उंचवटे त्या चढत्या रेघेपर्यंतच कापायचे, तिच्या खाली नाही. तुलना करताना फिल्टर लावलेला आणि न लावलेला आवाज पिंक नॉइजवर एकाच पातळीवर आणा. कापल्यामुळे एकूण आवाज उतरलेला असतो आणि कान नेहमी मोठ्याच्या बाजूने निकाल देतो.

वरच्या पट्ट्याचं काम कापसाचं. खोलीच्या मधोमध उभं राहून टाळी वाजवा. ‘टर्रर्र’ असा पत्र्यासारखा परतावा आला तर समोरासमोरच्या दोन उघड्या भिंती आवाज चेंडूसारखा झेलताहेत. डीएसपीला हे दिसतच नाही, कारण हा प्रकार वेळेचा आहे, पातळीचा नाही. आपण कापसाच्या मुलखात राहतो, पिंजलेल्या कापसाची चार इंची गादी करून घेणं इथे सोपं आहे. दोन बाय चार फुटांच्या लाकडी चौकटीत ती बसवा, वर सुती कापड ताणा, मागे भिंतीपासून दोन इंच हवा सोडा. अशा दोन चौकटी दोन्ही बाजूंच्या भिंतींवर, जिथे आरसा धरला असता ऐकायच्या जागेवरून स्पीकर दिसतो तिथे, आणि एक-दोन मागच्या भिंतीवर. कापूस कोंबून दगड करू नका, हवा आत शिरली पाहिजे. उंदीर-कसर लागू नये म्हणून वर्षातून एकदा ऊन दाखवा. जळगावची प्लॅस्टिकची चटई मात्र कितीही सुंदर असो, आवाजाला ती नसल्यासारखीच. टाइल्सवर अंथरायला जाड सतरंजी किंवा गादीच हवी.

डिराक लाइव्ह किंवा ऑडिसीसारखी आपोआप करणारी सॉफ्टवेअरं वाईट नाहीत, फक्त त्यांना सुधारणेची वरची हद्द सांगता येत असेल तर ती ३००-४०० ला बांधा. पूर्ण पट्टा सुधारायला दिला की चांगल्या स्पीकरचा मूळ स्वभावही ते खोलीचा दोष समजून घासून काढतात. एफआयआरचं आकर्षणही जरा जपून. ४८ किलोहर्ट्झला ४,०९६ टॅपचा (आकड्यांचा) फिल्टर ११.७ हर्ट्झपेक्षा बारीक पाहू शकत नाही, म्हणजे आपल्या ६ हर्ट्झच्या उंचवट्याला तो आंधळाच. ६५,५३६ टॅप घेतले तर ०.७३ हर्ट्झपर्यंत दिसतं, पण लिनिअर फेज (सगळ्या सुरांना सारखाच उशीर) असेल तर आवाज ०.६८ सेकंद मागे पडतो. गाण्याला चालतं. सिनेमात नटाचे ओठ आधी हलतात, वाक्य मागून येतं. शिवाय ठोक्याच्या आधीच त्याची सावली ऐकू यायची भीती. खोलीच्या घुमाऱ्याला साधे चार बायक्वाड पुरतात.

सबवूफर असेल तर फिल्टरच्या आधी उशीर जुळवा. १ मिलिसेकंद म्हणजे ३४ सेंटीमीटर. सबच्या आत स्वतःचा डीएसपी असेल तर तो आवाज काही मिलिसेकंद अडवून ठेवतो, म्हणून टेपने मोजलेलं अंतर खोटं ठरतं आणि बहुधा मुख्य स्पीकरनाच थांबवावं लागतं. ८० हर्ट्झला सप्तकाला २४ डेसिबल उताराचा लिंकविट्झ-रायली क्रॉसओव्हर (सब आणि स्पीकर यांच्यात सूर वाटून देणारा फिल्टर) ठेवा, सबची पोलॅरिटी (अधिक-उणे) उलटी करून मोजा, आणि ८० ला जास्तीत जास्त खोल खड्डा पडेल असा उशीर शोधा. मग पोलॅरिटी सरळ करा.

हे सगळं स्लॅबच्या खोलीचं. धाब्याच्या जुन्या घरात गणित वेगळं. जाड मातीच्या भिंती, वर सागवानी तुळया, फळ्या आणि त्यावर मातीचा थर. ते छत खालच्या सुराला थोडं लवतं आणि त्याची ताकद खातं. तिथे उंचवटे रुंद आणि बुटके निघतात, क्यू ३-४ चे दोन फिल्टर लावून काम संपतं. स्लॅब लवत नाही, तो सगळं परत करतो. पत्र्याच्या खोलीत बेस पत्र्यातून निघून जातो, तिथे डीएसपीपेक्षा पत्र्याचे स्क्रू आवळणं जास्त उपयोगाचं.

राहिला आपल्याकडचा ऊन-थंडीचा प्रश्न. पुण्या-मुंबईच्या लोकांना हा फारसा पडत नाही. आवाजाचा वेग तापमानाबरोबर वाढतो, अंशागणिक सेकंदाला ०.६ मीटर. जानेवारीत पहाटे बंद खोलीत १८ अंश असतील तर वेग ३४२. मे महिन्यात वरच्या मजल्यावर, दिवसभर तापलेल्या स्लॅबखाली, रात्री दहालाही ४० अंश असले तर ३५५. दहा फुटांची लहर ५६.१ वरून ५८.२ वर जाते. हार्मोनियमवर पाहिलं तर एका पट्टीच्या सुमारे दोन तृतीयांश सरकली. हिवाळ्यात बसवलेला क्यू ९ चा साडेआठ डेसिबलचा फिल्टर आता नव्या शिखरावर जेमतेम पावणेसहा डेसिबल कापतो, आणि जिथे शिखर उरलंच नाही तिथे पुरे साडेआठ. ऐकणाऱ्याला वाटतं की उन्हाने अ‍ॅम्प बिघडला. तोच फिल्टर क्यू ४ चा असता तर सरकल्यावरही साडेसातच्या वर कापलं असतं, पण रेंगाळणारी शेपूट नीट आखूड झाली नसती, आणि शेजारचा ४७ ही नाहक दबला असता.

म्हणून दोन प्रीसेट. मिनीडीएसपीच्या त्या डब्यात चार जागा असतातच. एक जानेवारीत मोजून, एक मेमध्ये मोजून, पावसाळ्यात जो कानाला बरा वाटेल तो. दुसऱ्यांदा मोजायचा अगदीच कंटाळा असेल तर हिवाळ्याच्या यादीतला प्रत्येक मध्य खोलीच्या तापमानानुसार वाढवा, १८ वरून ४० ला सुमारे ४ टक्के. ४७ चा ४९, ५६ चा ५८, ७३ चा ७६, ११० चा ११४, डेसिबल आणि क्यू तसेच. फाइलच्या नावात महिना लिहून भागत नाही, मोजताना भिंतीवरच्या थर्मामीटरवर किती अंश होते तेही लिहा. मेमधल्या ज्या रात्री वळवाचा पाऊस पडून खोली दहा अंशांनी उतरते, त्या रात्री कुठला प्रीसेट लावायचा हे त्या आकड्यावरूनच कळतं.